बूड तुटलेली पुंगळी

अमेरिकेतील मोंटानामधील लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी २५ जून १८७६ रोजी लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर यांची सातवी घोडदळ रेजिमेंट लाकोटा आणि शायेन या तिथल्या मूळ जमातींच्या योद्ध्यांच्या मोठ्या तळावर चालून गेली. कस्टर आणि त्यांच्यासोबतचे दोनशेहून अधिक सैनिक मारले गेले. मेजर मार्कस रीनो यांची तुकडी काही मैलांवरच्या टेकडीवर दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरून राहिली. या लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण मात्र पाहणार आहोत ती एका सैनिकाच्या हातातली कार्बाईन, म्हणजे घोडदळाची आखूड रायफल, तिच्या नळीचा अगदी मागचा भाग, आणि त्यात रुतून बसलेली बूड तुटलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच.

ही १८७३ ची स्प्रिंगफील्ड, एका वेळी एकच गोळी घेणारी. नळीच्या मागे बिजागरीवर बसवलेला पोलादी ठोकळा पेटीच्या झाकणासारखा वर उघडतो; काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, सरकवायचे, झाकण मिटायचे, चाप ओढायचा. झाकण पुन्हा उघडले की एक्स्ट्रॅक्टर नावाचा भाग पुंगळीच्या बुडाच्या कडेला पकडून तिला मागे ढकलतो. आतली ५५ ग्रेन (वजनाचे छोटे माप) काळी दारू पेटते तेव्हा पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. हे चिकटणे आवश्यकच असते, पण दाब उतरताच तिने किंचित आकसून भिंत सोडली पाहिजे. पितळ हे काम चोख करते. तांबे मऊ असते, एकदा ताणले की बहुतांशी तसेच राहते. आणि त्या वर्षी अमेरिकी लष्कराची पुंगळी तांब्याची होती.

त्यात भर पडली चामड्याची. काडतुसे कमरेच्या चामडी पट्ट्यात खोवलेली असत आणि चामड्यातील आम्लामुळे तांब्यावर हिरवा कळंक चढत असे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको. तापलेल्या चेंबरमध्ये हा कळंक आणि दारूची काजळी यांचा मिळून एक कठीण थर बसे.

लढाईनंतर जुलै महिन्यात रीनो यांनी शस्त्रास्त्र विभागाच्या प्रमुखांना पत्राने कळवले की त्यांच्याकडील ३८० कार्बाईनपैकी सहा एकाच प्रकारे निकामी झाल्या. ठोकळा पूर्ण मिटला नाही, काडतुसाचे बूड आणि ठोकळा यांच्यात फट राहिली, आणि बार झाल्यावर ठोकळा उघडताच बूड तुटून हाती आले, उरलेली पुंगळी आतच राहिली. कारण असे, की पुंगळीच्या भिंती पुढे चिकटून बसलेल्या असताना आधार नसलेले बूड दाबाने मागे रेटले जाते आणि दोघांच्या सांध्यावरचा धातू ताणून पातळ होतो. सहा हा आकडा लहान आहे, पण वेढ्यात सापडलेल्या त्या सहा माणसांच्या दृष्टीने तो पुरेसा मोठा होता.

अखंड पुंगळी अडकली तर चाकूच्या टोकाने तिची कड उचकटता येते, किंवा नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ठोकून काढता येते. पायदळाच्या रायफलीला अशी सळई असे, घोडदळाच्या कार्बाईनला नव्हती. कॅप्टन टॉमस फ्रेंच यांच्याजवळ सळई असलेली लांब रायफल होती आणि ते आपल्या माणसांच्या कार्बाईन मोकळ्या करून परत देत होते, असे त्यांच्या सैनिकांच्या आठवणींत आहे. पण बूडच गेले असेल तर चाकूला धरायला कड उरत नाही आणि सळई त्या पोकळ पुंगळीतून आरपार निघून जाते.

ऑगस्ट १९८३ मध्ये वणव्याने रणभूमीवरचे गवत जळाले आणि पुढच्या वर्षी तिथे पुरातत्त्वीय शोध सुरू झाला. सापडलेल्या पुंगळ्यांपैकी फारच थोड्यांवर उचकटल्याच्या खुणा होत्या, म्हणून पराभवाचे खापर या दोषावर फोडता येत नाही, हे मला पटते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बूड तुटलेली पुंगळी जमिनीवर पडत नाही. ती कार्बाईनमध्येच राहते, आणि कस्टर यांच्या मृत सैनिकांची शस्त्रे विजेत्यांनी उचलून नेली होती.

लढाईच्या पुढच्या वर्षीच्या, १८७७ च्या कार्बाईनमध्ये दस्त्यात एक कप्पा आला. त्यात तुकड्यांची सळई आणि बूड तुटलेल्या पुंगळीसाठी खास एक्स्ट्रॅक्टर ठेवलेला असे. या जातीच्या अवजारामागची कल्पना सुंदर आहे: तुटून गेलेली कड पुंगळीला नव्याने मिळवून द्यायची. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दीर्घकाळ दिसलेल्या .३०३ रायफलीसाठीही असे अवजार होते. ते काडतुसाच्याच आकाराचे आणि मागे कड असलेले असते. रायफल सुरक्षित दिशेला धरून, दुसरे काडतूस आत नाही याची खात्री करून, शस्त्रकारागीर ते उघड्या बाजूने चेंबरमध्ये सरकवतो. त्याचे पुढचे टोक पुंगळीच्या निमुळत्या तोंडातून पलीकडे जाऊन तिथे अडकते. मग बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) मिटून जोर लावून मागे ओढला की रायफलीचा स्वतःचाच एक्स्ट्रॅक्टर अवजाराची कड पकडतो, आणि काजळीने काळी पडलेली ती पोकळ पुंगळी अवजारावर चढूनच बाहेर येते.