चहाच्या गाळणीतले भ्रूण

ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची सकाळची रांग लागलेली असते, तेव्हा महापे येथील या प्रयोगशाळेत दिवे लागतात आणि टाकीतल्या नर-मादीला रात्रभर वेगळे ठेवणारी पारदर्शक फळी उचलली जाते. उजेड पडताच अंडी घालणे हा झेब्राफिशचा स्वभाव आहे. आपलीच अंडी खाणे हाही त्याचा स्वभाव असल्यामुळे टाकीत जाळी बसवलेली असते आणि तिच्यातून अंडी खाली पडतात. ती गोळा करण्यासाठी वापरलेली ही गाळणी चहाचीच आहे.

मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हा मासा संशोधनात रुळला तो अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठात, जॉर्ज स्ट्रायझिंगर यांच्या हाताखाली. त्याची निवड का झाली, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच कळते. अंड्याचे कवच आणि आतला भ्रूण दोन्ही पारदर्शक असतात. पहिले विभाजन पाऊण तासात होते, पुढची दर पंधरा मिनिटांनी होत जातात आणि दुसरा दिवस उजाडतो तोवर हृदय धडधडू लागलेले असते.

चोवीस खळग्यांच्या या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात एकच भ्रूण सोडला जातो. वीस खळग्यांत, गर्भाला बाधते का हे तपासायच्या औषधाचे द्रावण असते, चारांत तुलनेसाठी नुसते पाणी. भ्रूण जगतो की मरतो एवढेच येथे पाहायचे नसते, तर शेपूट वाकली का, डोळे लहान राहिले का, हृदयाभोवती पाणी साचले का, हे रोज ठरल्या वेळी नोंदवायचे असते.

या दक्षतेमागे थॅलिडोमाइडचा इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले आणि गरोदर स्त्रियांनाही दिले गेलेले हे औषध १९६१ मध्ये तेथील बाजारातून मागे घेतले गेले; त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके अवयवांतील व्यंगे घेऊन जन्माला आली. उंदरांत अशी व्यंगे सहसा दिसत नाहीत. मात्र २०१० मध्ये जपानी संशोधकांनी सेरेब्लॉन हे प्रथिन या औषधाचे लक्ष्य असल्याचे दाखवले, तेव्हा याच माशाच्या भ्रूणांत छातीचे पर खुंटलेले आढळले.

माशाला गर्भाला पोसणारी वार नसते आणि पाण्यात न विरघळणारे औषध भ्रूणापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून सशांवरील चाचण्या अजून सुटलेल्या नाहीत. त्या या इमारतीत होत नाहीत. पाचवा दिवस भरण्याआधी, पिल्ले स्वतः अन्न शोधू लागण्यापूर्वी, प्लेट बाद केली जाते.

आज तिसरा दिवस आहे. संशोधिका घड्याळ लावून नुसत्या पाण्यातल्या भ्रूणाचे ठोके मोजते आणि वहीत लिहिते: पंधरा सेकंदांत ३७. मग ती प्लेट किंचित सरकवते. शेजारच्या खळग्यातल्या भ्रूणाच्या हृदयाभोवती फुगवटा आहे, आणि त्याचे ठोके भरतात २१.