५२ सेकंदांची लिफ्ट

नागपूर, मे महिना, दुपारचे अडीच. महाल भागातली ही खोली, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि स्क्रीनवर बघा, बर्फच बर्फ. मागून जी घरघर ऐकू येतेय तो गेमचा आवाज नाही, कूलर आहे, बंद केला असता तर पयले कॅमेरावालाच आडवा झाला असता.

हा आमचा आतेभाऊ, दादा. समोर मास इफेक्ट नावाचा व्हिडिओ गेम, पहिला भाग, २००७ चा, कॅनडातल्या बायोवेअरवाल्यांचा. आपण कमांडर शेपर्ड, जहाज नॉर्मंडी, सोबत दोघांना घ्यायचं, आकाशगंगाभर फिरायचं आणि बोलायचं. खूप बोलायचं.

आधी शिव्या घालून घेऊ. ही सहा चाकांची गाडी, माको. दगडाला नुसती घासली की चेंडूसारखी उडते, आणि दादा तिला सरळ उभ्या डोंगरावर घालतो कारण फिरून कोण जाईल, आणि चढते बे! वर एखाद्या अड्ड्यात शिरलं की आतून तीच खोली, तेच खोके, जे मागच्या ग्रहावर होते. सामान १५० नगांवर गेलं की एकेक बंदूक निवडून वितळवत बसा. हे बरंच शूट झालंय, दाखवत नाही.

पण लिफ्ट. पुढची जागा डिस्कवरून मेमरीत यायला वेळ लागतो. बाकीचे गेम काळा पडदा लावतात, खाली पट्टी भरत जाते, आपण मोबाईल उचलतो. यांनी तिघांना एका डब्यात उभं केलं आणि दार लावलं. आता तिघं डब्यात म्हटल्यावर तोंडं उघडणारच न बाप्पा. हा गॅरस, तुरियन. हा रेक्स, क्रोगन. दोन्ही परग्रहावरच्या जमाती. क्रोगनांची बहुतेक पोरं जन्माआधीच मरावी म्हणून जो रोग सोडला, तो सॅलेरियन नावाच्या तिसऱ्या जमातीने बनवला आणि तुरियनांनी पसरवला, आणि हे दोघं खांद्याला खांदा लावून मजला यायची वाट बघतायत. कधी स्पीकरवर बातम्या लागतात, त्यात आपणच मागच्या ग्रहावर काय करून आलो ते.

विरमायर ग्रह. समुद्रकाठ. रेक्सने बंदूक रोखलीय, कारण त्या रोगाचा उतारा जिथे बनतोय तीच जागा आपण उडवायला निघालोय. समजावता आलं तर वाचतो. पुढे अ‍ॅश्ली किंवा केडन, आपले सोबती, दोघांतून एकच वाचवता येतो, आणि हाच सेव्ह २०१० आणि २०१२ च्या भागांत चालतो.

(दादाचा चेहरा. निवेदन नाही.)

पहिल्यांदा खेळला त्या सेमला दोन विषय राहिले होते, असो.

२०२१ ला तिन्ही भागांची सुधारलेली आवृत्ती, लेजंडरी एडिशन आली. माको जमीन धरून चालायला लागली, नेम नीट लागतो, मान्य. याच बर्फाच्या ग्रहावरची, नोव्हेरियाची लिफ्ट ५२ सेकंदांवरून १४ वर आणली, वर बटण दाबून सोडायची सोय.

ही मात्र जुनी डिस्क आहे. दार लागलं. पुढचे ५२ सेकंद मी बोलत नाही.