आजार वेगळे, मूळ एकच?

नमस्कार श्रोतेहो.

फोंडा, डिचोली, पेडणे, कुठल्याही भागातल्या भजनी मंडळात विचारा. बोटं थरथरू लागली म्हणून पेटी बंद केलेले एखादे बुजुर्ग निघतातच. त्यांची अभंगांची वही चाळली, तर पहिल्या पानांवरचं टपोरं अक्षर शेवटाकडे इतकं बारीक होत गेलेलं असतं की भिंग धरावं लागतं. घरची माणसं म्हणतात, वय झालं. पण अक्षर असं आक्रसत जाणं हे पार्किन्सन या मेंदूच्या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. वास न येणं हेही तसंच. तळलेल्या बांगड्याचा वास हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधीच येईनासा होऊ शकतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचं वर्णन १८१७ मध्ये केलं. जर्मनीच्या अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये विस्मरण झालेल्या एका बाईच्या मेंदूत, तिच्या मृत्यूनंतर, काय दिसलं ते मांडलं. तेव्हापासून या दोन आजारांचे डॉक्टर, औषधं, संशोधनाचे विभाग, सगळं वेगवेगळं राहिलं. गेल्या काही दशकांत मात्र प्रयोगशाळांत या भिंती पडू लागल्या आहेत.

कारण आहे प्रथिनं. पेशीत तयार झालेल्या प्रथिनाला नेमकी घडी पडावी लागते. ती चुकली की प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. अल्झायमरमध्ये अमायलॉइड आणि टाऊ, पार्किन्सनमध्ये अल्फा-सायन्यूक्लिन. नावं वेगळी, बिघाड एकाच जातीचा. वयस्कर माणसांच्या मेंदूच्या शवविच्छेदनात तर यांतली दोन-तीन प्रथिनं एकत्रही सापडतात.

सर्वांत बोलकं उदाहरण एएलएसचं. या आजारात हातापायांचे स्नायू दुबळे होत जातात. दुसऱ्या एका आजारात, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, माणसाचं वागणं आणि बोलणं बदलतं. वरून पाहिलं तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध वाटणार नाही. पण २००६ मध्ये एएलएसच्या बहुतेक रुग्णांत आणि या डिमेन्शियाच्या अनेक रुग्णांत टीडीपी-४३ हे एकच प्रथिन साचलेलं आढळलं. २०११ मध्ये दोन्हींच्या मागे असू शकणारा एक जनुकदोषही सापडला. एकाच घराण्यात एका भावाला पहिला आजार, दुसऱ्याला दुसरा, असं का होत होतं, ते तेव्हा उलगडलं.

हा बिघाड पसरतो कसा? दुधात चमचाभर विरजण पडावं, तसं बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं करतं. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत नव्या पेशींचं रोपण केलं होतं. दहाहून अधिक वर्षांनी, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या नव्या पेशींतही तशाच गुठळ्या दिसल्या. ही निरीक्षणं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र हे आजार माणसाकडून माणसाला लागत नाहीत. आजोबांच्या ताटात जेवायला, त्यांना जवळ घ्यायला अजिबात घाबरू नका.

पेशीला स्वतःचा कचरा साफ करता येतो. ती यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. मेंदूच्या पेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे साचलेलं तिथंच राहतं, आणि वयाबरोबर ही सफाईही मंदावते. आता रुग्णाच्या त्वचेच्या चिमूटभर पेशी घेऊन, त्यांतून काचेच्या बशीत चेतापेशी वाढवतात आणि सफाई कुठे अडते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सामाईक कारण शोधायचं तर ते इथं सापडेल, असं मला मनापासून वाटतं. नुसत्या एका प्रथिनाच्या मागे लागून भागत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं औषध अमायलॉइड काढून टाकतं, पण आजाराची घसरण थोडीशीच मंदावते.

म्हणून 'मेंदूचे सगळे आजार बरे करतो' म्हणून कोणी बाटली विकत असेल, तर कृपा करून पैसे घालवू नका. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवा, ऐकू कमी येत असेल तर कान तपासून घ्या, आणि रात्री जत्रेहून स्कूटरने परतताना हेल्मेट डोक्यावर असू द्या. घरात कोणाचं अक्षर, चाल किंवा स्वभाव बदलला असेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, मेंदूविकार विभागात दाखवा. जाताना जुनी वही आणि अलीकडची वही, दोन्ही सोबत न्या. डॉक्टरांना बदल कधीपासूनचा आहे ते कळायला त्यांची मदत होते.