ओल्या गवतावरचे चाळीस यार्ड

[दृश्य : पांढऱ्या रेषेवर टेकलेली बोटं, अगदी जवळून. मागे स्टेडियमचा दबका गलबला.]

ही बोटं हलली की घड्याळ सुरू होणार. आपोआप नाही. एक माणूस या बोटांकडे टक लावून बघत असतो आणि त्याच्या अंगठ्याखाली बटण असतं. पलीकडच्या रेषेवर यंत्र आहे. किरण तुटला की आकडा थांबतो. सुरुवात मात्र अजून माणसाच्या अंगठ्यावरच आहे.

[दृश्य : पोरगा सुटतो. आवाज नाही. शेवटच्या रेषेपर्यंत एकच सलग दृश्य.]

अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ पोरं पारखतात, त्यातली ही एक चाचणी. चाळीस यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. २०२४ मध्ये इथेच, इंडियानापोलिसला, टेक्सास विद्यापीठाचा झेवियर वर्दी हे अंतर ४.२१ सेकंदांत पळाला. त्याआधीचा विक्रम ४.२२ चा होता. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक, आणि तो टिपण्याची सुरुवात एका अंगठ्याने झालेली.

[दृश्य : इंडियानापोलिस. हॉटेलांना जोडणारे काचेचे पूल. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं.]

फेब्रुवारीचा शेवट. कोविडचं एक वर्ष सोडलं तर १९८७ पासून दरवर्षी अमेरिकेतली तीनशेहून जास्त कॉलेजची पोरं या शहरात बोलावली जातात. खेळाचं नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांची खेळाडूनिवड, होतो. बत्तीस संघ, सात फेऱ्या. गेल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड. पोराने संघ निवडायचा नाही, संघाने पोराला निवडायचं. त्याआधी त्याला पारखून घ्यायला सगळे इथे जमतात. या जत्रेचं नाव कम्बाइन.

ही जत्रा मुळात भरली ती वैद्यकीय तपासणीसाठी. प्रत्येक संघाने त्याच पोराचा तोच गुडघा वेगवेगळा तपासण्यापेक्षा सगळ्यांनी एकदाच तपासावा, हा हिशेब. अजूनही संघांना सगळ्यात जास्त मोल त्याच अहवालाचं. त्या खोल्यांत कॅमेऱ्याला प्रवेश नव्हता, त्यामुळे आपण मैदानावर परत येऊ.

[दृश्य : लोखंडी बार. जमलेल्यांचा आरडाओरडा.]

२२५ पौंड, म्हणजे १०२ किलो. छातीवरून जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा. १९९९ मध्ये जस्टिन अर्नेस्टने हा बार ५१ वेळा उचलला. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. नियमित हंगामातला एकही सामना मात्र तो व्यावसायिक संघाकडून खेळला नाही.

इथे टॉम ब्रेडीची गोष्ट सांगायची प्रथा आहे. २००० सालचा कम्बाइन, उघड्या अंगाचा तो पोरसवदा फोटो, चाळीस यार्डांना ५.२८ सेकंद, १९९ वी निवड आणि पुढे जिंकलेले सात सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने. तो फोटो दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत. तुम्ही तो पाहिला असणारच.

[दृश्य : मोबाइल, अलाबामा. अर्ध्या चड्डीतली पोरं रांगेत. समोर खुर्च्यांवर बसलेले शेकडो लोक.]

आता थोडं मागे, जानेवारीच्या अखेरीला. अलाबामातलं मोबाइल शहर. हो, गावाचं नावच मोबाइल. मुख्यतः कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा सीनियर बोल नावाचा सामना इथे १९५१ पासून होतो. आठवडाअखेरच्या सामन्यापेक्षा आठवडाभराचा सराव महत्त्वाचा, आणि सरावाच्या आधी हे वजनमाप.

कबड्डीच्या स्पर्धेआधी काट्यावर उभं राहिलेलं पोर ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही रांग ओळखीची वाटेल. फरक इतकाच की तिथे काट्याभोवती चार पंच असतात आणि इथे अख्खं सभागृह भरलेलं असतं.

[दृश्य : वहीचं पान. पेन्सिलीने लिहिलेले आकडे.]

हा आकडा बघा. ६०२३. म्हणजे सहा फूट, दोन इंच आणि वर इंचाचे तीन अष्टमांश. सगळे स्काउट, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणारी माणसं, उंची अशीच लिहितात. पहिला आकडा फुटांचा, मधले दोन इंचांचे, शेवटचा अष्टमांशांचा. बोलतानाही तसंच. ‘सहा-शून्य-दोन-तीन’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पोरगा उभा राहतो.

मग दोन्ही हात पसरून वाव मोजतात आणि पंजा ताणून वीत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची वीत म्हणजे तर बातमीच. २०२२ मध्ये केनी पिकेटची वीत साडेआठ इंच भरली आणि त्यावर इतकी चर्चा झाली, जणू पोराचा अंगठाच गळून पडलाय. पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं, विसाव्या क्रमांकावर. दोन वर्षांनी दुसऱ्या संघाला देऊनही टाकलं. त्यात वितीचा दोष किती, कोण सांगणार?

[दृश्य : महामार्ग. गाडीच्या काचेवर पाऊस. शेजारच्या सीटवर वही, दुर्बीण, स्टॉपवॉच.]

पण इंडियानापोलिस काय, मोबाइल काय, ही दोन्ही शेवटची स्टेशनं. खरी पारख झालेली असते ती या गाडीत, या वहीत. ही माणसं टीव्हीवर दिसत नाहीत. यांना एरिया स्काउट म्हणतात. एकेकाच्या वाट्याला चार-पाच राज्यं.

यांचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. ब्लेस्टो आणि नॅशनल अशा दोन सामाईक संस्था पुढच्या वर्षीच्या पोरांच्या याद्या आपापल्या सदस्य संघांना देतात. ब्लेस्टो हे नाव बेअर्स, लायन्स, ईगल्स आणि स्टीलर्स या संघांच्या आद्याक्षरांवरून पडलं. कामाची सुरुवात १९६३ ची. यादी हातात आली की ऑगस्टपासून कॉलेजं पालथी घालायची. एका दिवशी एक कॉलेज. सकाळी अंधाऱ्या खोलीत फिल्म, दुपारी सराव, संध्याकाळी दोनशे मैल गाडी, रात्री मोटेलमध्ये अहवाल.

[दृश्य : कॉलेजच्या इमारतीचा मागचा दरवाजा. हेल्मेटांची मांडणी. धुवायच्या कपड्यांची गाडी.]

आणि यांची पावलं आधी कुठे वळतात ते बघा. मुख्य प्रशिक्षकाकडे नाही. तो स्वतःच्या पोराला चांगलंच म्हणणार. आधी बूट-हेल्मेट सांभाळणाऱ्याकडे, गुडघे बांधणाऱ्याकडे, व्यायामशाळा चालवणाऱ्याकडे, वर्गातली हजेरी बघणाऱ्या बाईंकडे. टॉवेल कोण जमिनीवर फेकून जातो, सकाळी सहाला कोण आधी येतो, दुखापतीच्या दिवसांत कोण दिसेनासा होतो, हे यांनाच ठाऊक.

[दृश्य : सराव. कॅमेरा गुडघ्यांच्या उंचीवर.]

यांची भाषाही निराळी. ‘मोटर’ म्हणजे चेंडू आपल्यापासून लांब गेला तरी धावत राहायची खोड. ‘बबल’ म्हणजे भरलेलं बूड. ताकद तिथून येते, म्हणून पोरगा चालायला लागला की हे आधी मागून बघतात. ‘बेंड’ म्हणजे वाकणं, पण कंबरेतून नाही. कंबरेतून वाकणारा ढकलला जातो, गुडघ्यातून बसणारा ढकलतो. आपल्या तालमीतल्या वस्तादाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

[दृश्य : पंचकार्डं सटासट पडणारं जुनं यंत्र.]

हे यंत्र कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयातलं. ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्यांचं यंत्र वेगळं होतं, पण त्याचं चित्रीकरण आम्हाला मिळालं नाही. आवाजावर भागवून घ्या.

१९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांच्या मनात आलं की पोरं निवडायला संगणक लावावा. आयबीएमच्या एका उपकंपनीने त्यांच्याकडे पाठवला एक संख्याशास्त्रज्ञ. सलाम कुरेशी. अलीगढला शिकलेला, भारतातून आलेला. क्रिकेट माहीत होतं. अमेरिकन फुटबॉल नावालाही नाही.

आणि तेच बरं झालं. कुरेशींनी प्रशिक्षकांना बसवून विचारलं की चांगला खेळाडू म्हणजे नेमकं काय. उत्तरं आली ढीगभर, आणि प्रत्येकाचा शब्द वेगळा. एकाचा ‘चपळ’ तो दुसऱ्याचा ‘वेगवान’, एकाचा ‘जिगरबाज’ तो दुसऱ्याचा ‘डोक्याने गरम’. यंत्राला गुण द्यायच्या आधी माणसांचे शब्द जुळवायला हवे होते. बरीच छाटणी करून मोजता येणार नाहीत असे पाच गुण उरले. चारित्र्य, चपळाई आणि अंगावरचा ताबा, ईर्षा, डोक्याची तरतरी, ताकद आणि तिचा स्फोट. प्रत्येकासाठी ठरलेली वाक्यं. स्काउटने फक्त किती लागू पडतं ते भरायचं.

१९६६ ते १९८५ अशी सलग वीस वर्षं डॅलस संघ हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकत राहिला. सगळं श्रेय यंत्राला देणारे देतात. पण त्या कार्डांवरचं प्रत्येक भोक कुठल्या तरी पावसात भिजत उभ्या राहिलेल्या माणसाच्या मतातून पडलेलं होतं, हे कुरेशींना पक्कं माहीत होतं. नाहीतर त्यांनी शब्दांवर एवढा वेळ घालवला नसता.

[दृश्य : हंट्सव्हिल, अलाबामा. टेकडीवरचं कॉलेज. सकाळचे साडेसात. गवतावर दव.]

आणि आता ही टेकडी. खरं तर हा सगळा खटाटोप आम्ही या टेकडीसाठी केला.

अलाबामा ए अँड एम. कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या जुन्या कॉलेजांपैकी एक. दक्षिणेतली मोठी विद्यापीठं काळ्या पोरांना संघात घेत नव्हती, तेव्हा ती पोरं अशा टेकड्यांवर खेळत. व्यावसायिक संघांचे स्काउट इकडे क्वचितच फिरकत.

[दृश्य : ‘पिट्सबर्ग कुरिअर’चं जुनं पान.]

बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरिअर’चे क्रीडा संपादक. कृष्णवर्णीयांच्या त्या वर्तमानपत्रात ते दरवर्षी या कॉलेजांमधला सर्वोत्तम संघ जाहीर करत. याद्या छापून यायच्या आणि त्याच शहरातला स्टीलर्स संघ त्यांच्याकडे बघायचाही नाही. नन यांनी ती नाराजी लपवली नाही. ती मालकांच्या घरातल्या डॅन रूनी यांच्या कानावर गेली. त्यांनी ननना बोलावून घेतलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस कामच देऊ केलं. संपादकाचा स्काउट झाला. लांबच्या गावातल्या प्रशिक्षकांची दारं यांच्यासाठी आधीच उघडी होती. वर्षानुवर्षं त्यांच्या पोरांबद्दल लिहिलं होतं ना.

[दृश्य : ओल्या गवतावर बुटाचा ठसा. कॅमेरा तिथेच थांबतो.]

१९७४ च्या ड्राफ्टआधीची गोष्ट. स्टीलर्समध्ये ती आजही सांगतात. काही स्काउट मिळून या कॉलेजात आले. जॉन स्टॉलवर्थ नावाच्या पोराला पळवलं. गवत ओलं होतं. वेळ बेताची भरली. सगळ्यांनी आकडा लिहून घेतला आणि पुढच्या गावाला निघाले.

नन निघाले नाहीत. बरं वाटत नाही म्हणाले आणि मागे राहिले. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागी पोराला पुन्हा पळवलं. या वेळी घड्याळ वेगळं बोललं. जाताना स्टॉलवर्थच्या सामन्यांची फिल्मही घेऊन गेले, आणि ती इतर संघांच्या हाती लागणार नाही याची काळजी घेतली. लबाडीच ती. आम्हाला आवडली.

[दृश्य : १९७४ ची ड्राफ्ट यादी. नावांवरून सरकणारं बोट.]

मुख्य प्रशिक्षक चक नोल यांना स्टॉलवर्थ पहिल्याच फेरीत हवा होता. बाकीच्यांनी समजूत घातली की इतर कुणाच्या वहीत हा पोरगा नीट नोंदलेलाच नाही, थांबू या. पहिल्या फेरीत लिन स्वॉन. दुसरीत जॅक लॅम्बर्ट. तिसऱ्या फेरीची निवड तर स्टीलर्सकडे नव्हतीच. ती अख्खी फेरी नुसतं बघत बसायचं. चौथ्या फेरीत, ८२ वा, जॉन स्टॉलवर्थ. पाचवीत माइक वेबस्टर. चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या यादीत, गेले. त्या वर्षी सतरा फेऱ्यांत ४४२ पोरं निवडली गेली, आणि त्यांत साउथ कॅरोलायना स्टेटच्या डॉनी शेलचं नाव कुठेच नव्हतं. त्यालाही स्टीलर्सनी घेतलं. तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे.

जानेवारी १९८०. पॅसाडीनाचं रोझ बोल मैदान, सुपर बोलचा शेवटचा चतुर्थांश, स्टीलर्स १७–१९ असे मागे. लांबवर फेकलेला चेंडू स्टॉलवर्थच्या हातात पडतो आणि तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत. त्र्याहत्तर यार्ड.

बिल नन २०१४ मध्ये गेले. २०२१ मध्ये त्यांचंही नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी दारं उघडल्यावर अशा टेकड्यांवरची चांगली पोरं तिकडे गेली. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये या कॉलेजांतलं एकही नाव नव्हतं. २०२५ मध्ये एकच होतं, आणि ते याच टेकडीवरचं. कार्सन विन्सन, पाचवी फेरी, बाल्टिमोर.

[दृश्य : रिकामं मैदान. टेकडीवरून ऊन हळूहळू खाली सरकतंय.]

आम्हाला इथे कुणाला तरी चाळीस यार्ड पळवून चित्रित करायचं होतं. मैदान राखणाऱ्या काकांनी आधी गवताला हात लावून बघितला. मग म्हणाले, अकरापर्यंत वाळेल. आम्ही कॅमेरा बंद केला आणि पायऱ्यांवर जाऊन बसलो.