मटार, उणे १८

[गुलटेकडी मार्केट यार्ड, पहाट. गोण्या उतरताहेत.]

पुण्याच्या मार्केट यार्डात हिवाळ्यात येणारा हा मटार बहुतेक मध्य प्रदेशातला. जबलपूरच्या बाजूला थंडीत हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतलं जातं. पावसाळ्यात पुरंदर, पारनेर, वाई भागातला वाटाणा येतो, तो वेगळा. डिसेंबर-जानेवारीत आवक वाढते, भाव उतरतो, आणि घरोघरी शेंगांच्या पिशव्या येऊन पडतात. वर्षभराचा मटार फ्रीझरमध्ये गोठवून साठवायचा तो या दिवसांत.

शेंग वेलीवरून तुटली की दाण्यातल्या साखरेचं स्टार्च होऊ लागतं. ऊन लागलं, गोणीत दाबून राहिली, तर हे काम आणखी वेगानं होतं. सकाळी गोड असलेला दाणा दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो तो यामुळे. म्हणून बाजारातून आणलेली शेंग त्याच दिवशी सोलायची. ते जमणार नसेल तर शेंगा न सोलता फ्रीजमध्ये ठेवायच्या.

[शेंग उघडते. दाण्यांचा जवळून घेतलेला शॉट.]

शेंग घेताना तिची लांबी बघू नका, ताण बघा. चकचकीत, भरलेली, बोटांत दाबली की किंचित दबणारी शेंग चांगली. साल पांढुरकी, जाळीदार झाली असेल तर आतला दाणा जून आहे. अर्केलसारख्या जातींचा दाणा वाळल्यावर सुरकुततो, आणि सुरकुतणाऱ्या दाण्यात साखर जास्त असते. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं १८६६ साली छापलेल्या प्रयोगांत गोल आणि सुरकुतलेले दाणे वेगळे मोजले होते, त्यातले हे सुरकुतलेले. गोठवायला हेच घ्या. १ किलो शेंगांतून साधारण ४०० ग्रॅम दाणे निघतात, हे धरून खरेदी करा.

[पातेल्यात खारं पाणी. काही दाणे वर, काही तळाशी.]

कोवळा दाणा आणि जून दाणा हातानं निवडत बसायला नको. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि दाणे सोडा. जून दाण्यात स्टार्च जास्त, म्हणून तो जड असतो आणि बुडतो. कोवळा तरंगतो. कारखान्यांतही दाण्यांची प्रतवारी याच तत्त्वावर होते. तरंगलेले दाणे साध्या पाण्यातून काढून गोठवायला घ्या. बुडालेल्यांची त्याच रात्री उसळ करा, शिजायला चार मिनिटं जास्त लागतील एवढंच.

[मोठं पातेलं, खळखळ उकळी. मलमलच्या फडक्यातले दाणे पाण्यात जातात. रंग बदलताना.]

हा रंग बघा. फिका हिरवा दाणा पाण्यात गेल्यावर काही सेकंदांत गडद, झळझळीत होतो. पेशींच्या मधे अडकलेली हवा उष्णतेनं बाहेर पडते आणि आतलं हरितद्रव्य स्वच्छ दिसू लागतं.

पण दाणे उकळत्या पाण्यातून काढायचे ते रंगासाठी नाही. दाण्यात विकरं असतात, म्हणजे एन्झाइम, दाण्यात बदल घडवून आणणारी द्रव्यं. थंडीनं ती मंदावतात, मरत नाहीत. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशालाही ती हळूहळू काम करत राहतात. कच्चाच गोठवलेला मटार दोन-तीन महिन्यांनी काढला तर त्याला वाळल्या गवताचा वास येतो, रंग मातकट होतो, गोडी गेलेली असते. ही विकरं निकामी होतात ती उष्णतेनं. मटाराला त्यासाठी दीड मिनिट लागतं.

दीड मिनिट कुठून मोजायचं, इथे बहुतेकांचं चुकतं. दाणे टाकले की पाण्याची उकळी बसते. ती पुन्हा आली की घड्याळ सुरू करायचं. एका मिनिटाच्या आत ती परत आली पाहिजे. आली नाही तर पाणी कमी आहे किंवा दाणे जास्त आहेत. अर्धा किलो दाण्यांना ४ लिटर पाणी, हे प्रमाण सोडू नका. तीन किलो दाणे असतील तर सहा घाणे करा. पाणी तेच चालतं. फडक्याची पुरचुंडी सैल बांधा, आतले दाणे हलले पाहिजेत.

वेळ कमी पडली तर नुसतं अर्धवट काम होतं असं नाही. कोमट झालेली विकरं आणखी जोमानं काम करतात, त्यापेक्षा कच्चे गोठवलेले बरे. वेळ जास्त झाली तर दाणा शिजतो, साल सुटते, आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं.

पाण्यात सोडा घालू नका. सोड्यानं रंग टिकतो हे खरं, पण दाण्याची साल मेणासारखी मऊ पडते. साखर-मीठ घातलं काय नि नाही घातलं काय, गोठवण्याशी त्याचा संबंध नाही.

इतर भाज्यांची वेळ वेगळी. गाजराचे बारीक तुकडे आणि पालक २ मिनिटं, फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे ३ मिनिटं. पालकाला पाणी दुप्पट लागतं, नाहीतर पानं एकमेकांना चिकटून मधली कच्ची राहतात. कांदा, ढोबळी मिरची, हिरवी मिरची यांना उकळत्या पाण्याची गरज नाही. चिरा आणि गोठवा.

[बर्फाच्या पाण्यात दाणे. वाफ थांबते.]

उकळीतून काढलेला दाणा आतून शिजतच असतो, तो थांबवायचा. अर्धा किलो दाण्यांना अर्धा किलो बर्फ लागतो, म्हणून बर्फ आदल्या रात्रीच करून ठेवावा लागतो. नळाच्या पाण्यानं भागत नाही. जेवढा वेळ उकळत्या पाण्यात, साधारण तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. मधला एक दाणा फोडून ओठाला लावा. गार लागला की लगेच उपसा, पाण्यात भिजत ठेवू नका.

मग सुती पंचा. दाणे पसरा, वरून दुसऱ्या फडक्यानं टिपा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दाण्यावर राहिलेलं पाणी फ्रीझरमध्ये गोंदाचं काम करतं आणि पिशवीत दगडासारखा गोळा होतो. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दुपारभर उघडे ठेवायचे नाहीत.

[काकडीच्या दोन चकत्या. एक ताजी. दुसरी गोठवून काढलेली, ताटलीत पाण्याचं थारोळं.]

डावीकडची काकडी ताजी. उजवीकडची रात्रभर फ्रीझरमध्ये होती आणि आता बाहेर आली आहे.

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. भाजीत बर्फ धरायला लागतो तो उणे १ अंशाच्या आसपास, आणि बहुतेक पाणी उणे ५ पर्यंत गोठतं. या चार-पाच अंशांतून भाजी किती वेगानं खाली उतरते त्यावर सगळं ठरतं. रेंगाळली तर बर्फाचे थोडे पण मोठे स्फटिक होतात, पेशींच्या भिंती फाडतात, आणि बर्फ सुटला की आतलं पाणी वाहून जातं. झपाट्यानं उतरली तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि भिंती बऱ्याच अंशी शाबूत राहतात. काकडीत पाणी इतकं जास्त आणि भिंती इतक्या नाजूक, की घरच्या फ्रीझरमध्ये ती वाचत नाही. मुळा आणि कोशिंबिरीची पानंही नाहीत. टोमॅटो रश्शापुरता चालतो. अख्खा गोठवलेला टोमॅटो पाण्याखाली धरला की साल आपोआप सुटते.

[लाब्राडोरचं जुनं छायाचित्र. बर्फ, मासेमारी.]

वेगाचं हे महत्त्व व्यापारात आणलं क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसानं. १९१२ साली तो कॅनडाच्या लाब्राडोर किनाऱ्यावर गेला. तिथले इन्युइट लोक हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे काढत. बोचऱ्या वाऱ्यात मासा बाहेर येताच गोठून जाई, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. त्या काळात शहरांत मिळणारं गोठवलेलं मांस आणि मासे सावकाश गोठवलेले असत, त्यांचा लगदा होई. बर्ड्सआयनं परत येऊन थंड धातूच्या पट्ट्यांमध्ये खाद्यपदार्थांची चपटी पाकिटं दाबून गोठवायचं यंत्र तयार केलं. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या १८ दुकानांत ही पाकिटं पहिल्यांदा विकायला ठेवली गेली. त्यांत मटार होता, पालक होता.

चपटं पाकीट आणि थंड धातू. घरी करायचं तेही हेच.

[स्टीलचं ताट, दाण्यांचा एकच थर. फ्रीझरच्या तळाशी सरकतं. कट. तेच ताट, दाणे गारांसारखे वाजतात.]

प्लॅस्टिकचा डबा नको, स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं ताट घ्या. ते आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून गार करा. दाणे एकाच थरात पसरा आणि ताट फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेवा, जाळीवर नाही. दोन-तीन तासांत दाणे सुटे, कडक होतात. थर दुप्पट जाड केला तर वेळ दुपटीहून बराच वाढतो, कारण मधल्या दाण्यांपर्यंत थंडी बाहेरच्या दाण्यांतूनच पोचते.

आदल्या दिवशी फ्रीझर सर्वांत थंड आकड्यावर आणून ठेवा. ६० लिटरचा फ्रीझर असेल तर २४ तासांत दोनेक किलोंपेक्षा जास्त नवा माल घालू नका. पाच किलो एकदम घातले तर आधीचे मासे आणि आइस्क्रीमसुद्धा नरम पडतात.

आणि तुमचा फ्रीझर खरोखर किती थंड आहे? दारावरचे मोठे तारे विजेच्या वापराचे असतात, थंडीचे नव्हे. बर्फाच्या कप्प्यावर बारीक तारे छापलेले असतील तर ते वाचा. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १८ ला पोचेलच असं नाही. तिथे ठेवलेला मटार दोन-तीन महिन्यांत संपवा. उणे १८ ला तो आठ-दहा महिने उत्तम राहतो. शंका असेल तर फ्रीझरचं थर्मामीटर आणा, महाग नसतं.

[पिशवी पाण्यात बुडते, हवा बुडबुड्यांनी बाहेर.]

पिशवी जाड, झिपची. भाजीवाल्याची पातळ पिशवी चालत नाही, तिच्यातून ओलावा बाहेर जातो. तारीख आधी लिहा, भरल्यावर ओल्या पिशवीवर मार्कर उमटत नाही. एका वेळच्या भाजीपुरते, २५० ग्रॅम, दाणे भरा. झिप थोडी उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात तोंडापर्यंत बुडवा. पाण्याच्या दाबानं हवा बाहेर पडते, मग झिप लावा. स्ट्रॉ लावून तोंडानं हवा ओढायची पद्धत दिसते खरी, पण ती नको. तोंडातला ओलावा आणि जंतू पिशवीत जातात.

हवा राहिली तर दाण्यातला बर्फ वाफ होऊन निघून जातो आणि पिशवीच्या आत भुरभुरीत बर्फ जमतो. दाणा सुरकुततो, पांढरे डाग पडतात. त्यानं पोटाला काही होत नाही, चव मात्र जाते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये हे लवकर होतं, कारण आतलं तापमान सारखं वरखाली होत असतं. म्हणून पिशवी दारापासून लांब, मागे ठेवा.

[कढई. फोडणीत गोठलेले दाणे थेट पडतात. चर्र.]

मटाराचा बर्फ सोडवायचाच नाही. पिशवीतून थेट कढईत. ओट्यावर तासभर ठेवला तर पाणी सुटतं, दाणा पोचट होतो, आणि त्या पाण्याबरोबर चव जाते. आच मोठी ठेवा, झाकण नको. दाणा उकळत्या पाण्यातून आधीच निघालाय, त्यामुळे ताज्यापेक्षा निम्म्या वेळात शिजतो. मटारभातात तो शेवटच्या पाच मिनिटांत घाला. करंजीच्या किंवा पॅटिसच्या सारणासाठी मात्र आधी कोरड्या कढईत परतून पाणी आटवा, नाहीतर पारी फुटते.

[खवलेला नारळ, हापूसचा रस. वाडग्यांची रांग.]

ओलं खोबरं खवून एकेका वाटीच्या चपट्या पुड्यांत ठेवा. परदेशातली मराठी घरं भारतीय दुकानांतल्या गोठवलेल्या खोबऱ्याच्या पाकिटांवर सोलकढी करतात, ती याच रीतीची. पण खोबऱ्यात तेल आहे, ते उणे १८ लाही खवट होत जातं. तीन-चार महिन्यांत संपवलेलं बरं. आमरस पाणी न घालता भरा आणि बरणीत वर २-३ सेंटिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलेली काचेची बरणी खांद्यापाशी तडकते. बर्फ सोडवायला रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. सकाळी पाणी वेगळं दिसेल, ढवळा.

मासे-मटण कधीच ओट्यावर नाही. काठाच्या ताटलीत, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, आदल्या रात्री. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात, दर अर्ध्या तासानं पाणी बदलून. अर्ध्या किलोला तासभर लागतो. मग लगेच शिजवा. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, थांबतात. बाहेरचा थर ऊबदार झाला की पुन्हा वाढतात.

[मीटर. दिवे जातात.]

वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला वेगळा डीप फ्रीझर ४८ तासांपर्यंत थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. फ्रीजच्या वरचा छोटा कप्पा एवढा दम धरत नाही. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बर्फ सुटला नव्हता. बुडालं असेल तर मधे केव्हातरी सुटला होता, मासे-मटण टाकून द्या. मटाराच्या पिशव्या हलवून बघा. दाणे सुटे वाजले तर ठीक, एकच गोळा झाला असेल तर त्याही गेल्या.