वारा जूनचा, पाणी ऑगस्टचं

श्रोतेहो, नमस्कार.

जून लागला की बेळगावात चहाच्या टपरीवर दोन आकडे फिरतात. राकसकोप धरण किती फुटांवर आलं, आणि हिडकल धरणात किती पाणी उरलं. राकसकोप भरतं २४७५ फुटांना, हिडकल २१७५ ला. पेपरातले हे आकडे आपण नळाच्या नि उसाच्या काळजीपोटी वाचतो. आज तेच आकडे शिडाच्या खेळासाठी कसे वाचायचे, ते सांगतो. यातून राकसकोप आधीच बाजूला ठेवूया. ते शहराच्या पिण्याचं पाणी, तिथं खेळ नको.

खेळ तीन आहेत. विंडसर्फिंगमध्ये पायाखाली बोर्ड, त्यावर कुठल्याही बाजूला कलणारी डोलकाठी, आणि तिचं शीड आपल्याच दोन हातांत. सुकाणू नसतं. शीड पुढं कलवलं की बोर्डाचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं, मागं कलवलं की वाऱ्याकडं. बोर्डाच्या शेपटीखाली फिन नावाचं एक पातं असतं, ते बोर्डाला आडवं घसरू देत नाही. काइटसर्फिंगमध्ये शीड जाऊन पतंग येतो, वीस-पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला. विंगफॉइलिंग सगळ्यात नवं. हवा भरलेला पंख नुसता हातात धरायचा, आणि बोर्डाखाली मीटरभर लांब दांड्याला लावलेले छोटे पंख, म्हणजे फॉइल, पाण्यात बुडालेले. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर हात तिरका धरला की तो आपोआप वर उचलला जातो ना, तेच इथं पाण्यात घडतं. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन, त्यामुळं एवढेसे पंखही माणसासकट बोर्ड पाण्याबाहेर काढतात.

हे समुद्रकाठच्यांचं काम, असं कुणी म्हणेल. १९८४ पासून विंडसर्फिंग ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला फॉइलचे बोर्ड नि पतंग दोन्ही मार्सेच्या समुद्रात धावले, हे खरं. पण २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत विंडसर्फिंगचं कांस्यपदक आणणारा आपला एबाद अली भोपाळच्या तलावावर तयार झालेला. तिथून समुद्र किती लांब, नकाशात बघा.

आपल्याकडं वाऱ्याला तोटा नाही. सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. अडचण वेगळीच आहे. पश्चिमेचा वारा जूनमध्ये जोर धरतो, आणि नेमकं तेव्हाच हिडकलचं पाणी तळाला गेलेलं असतं. धरण भरत येतं जुलै-ऑगस्टला. म्हणजे वारा पूर्ण असतो तेव्हा पाणी गुडघा-मांडीभर, आणि पाणी पूर्ण होतं तेव्हा पाऊस इतका की समोरचा काठ दिसू नये.

माझं मत विचाराल, तर नवशिक्याला हे उथळ पाणी लाभाचंच. पडलात की उभे राहता. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शीड वाऱ्यात धरायचं, तोल कळला की बोर्डावर पाय टाकायचा. बारा नॉट वारा, म्हणजे ताशी बावीस-तेवीस किलोमीटर, झाला की लाटांना पांढरा फेस दिसायला लागतो. नवख्यानं त्याच्या आतच शिकावं. पण फिन आखूड हवं, वीस-पंचवीस सेंटिमीटरचं. शेवाळ, गवत असेल तर मागं झुकलेलं पातं लावा, गवत त्यावरून सरकून जातं. पडताना डोकं पुढं करून सूर मारायचा नाही, पाठीवर पसरून पडायचं. आणि पायात बूट. गाळात काय रुतलंय ते वरून दिसत नाही.

फॉइलचा दांडा मात्र सत्तर सेंटिमीटर ते एक मीटर. मांडीभर पाण्यात भरवेगात तो जमिनीला लागला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढं फेकला जातो. हिडकलच्या पाण्यात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर आलं की लोक दर्शनाला जातात. फॉइलवाल्यानं ते मंदिर दिसतंय तोवर फॉइल घरीच ठेवावं. जुन्या गावांची जोती, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं, सगळं तेव्हा पाण्याखाली वीतभरावर असतं. बांबूवर दीड मीटरची खूण करा, बोटीतून नाहीतर चालत जागा तपासा. त्याहीपेक्षा बरं म्हणजे जाळं टाकणाऱ्याला विचारा. "तितं नको मामा, जुना बांध हाय" असं तो एका वाक्यात सांगून जातो. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या, की खाली त्याचं जाळं आहे. लांबून वळसा घाला.

काइटबद्दल मी थोडा कडकच बोलणार. आपल्या काठांवर उसाला पाणी चढवणाऱ्या मोटारी आहेत, म्हणजे खांब नि करंटच्या तारा आल्याच. पतंग सुटला की वारा त्याला सरळ तिकडंच नेणार. वारा जिकडं जातो त्या बाजूला मोकळा माळ नसेल, तर इथं काइट काढूच नये.

दिशाही लक्षात घ्या. हिडकल ज्या नदीवर आहे ती घटप्रभा पूर्वेला वाहते, धरणाची भिंत त्या टोकाला, आणि वारा पश्चिमेचा. दमलात की वारा तुम्हाला भिंतीकडंच ढकलणार. म्हणून पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन उतरायचं ते भिंतीपासून लांब, वरच्या फुगवट्याला. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग गोळा व्हायला लागले की ताबडतोब बाहेर या. पावसाच्या आधी येणारा वळवाचा वारा दिशाही बदलतो नि जोरही.

एवढं करूनही अडकलात, तर शीड पाण्यात पाडा, बोर्डावर पालथे पडून हातांनी वल्हवा. शीड आड येत असेल तर सोडून द्या, पण बोर्ड सोडून पोहत निघू नका. लाइफ जॅकेट अंगात असलं तरी. बोर्ड बुडत नाही आणि काठावरून लांबूनही दिसतो.

नमस्कार.