दारातून या

(दृश्य : दक्षिण आफ्रिका खंडातलं कालाहारी वाळवंट, सकाळची वेळ. लाल वाळू, खुरटी झुडपं.)

ही वनस्पती नीट बघा. निवडुंगासारखी दिसते, पण निवडुंग नाही. आपल्या माळावरच्या माकडशिंगीच्या कुळातली आहे. काकडीएवढ्या जाड, काटेरी कांड्या. फूल बशीएवढं, मांसाच्या रंगाचं, आणि वासही कुजक्या मांसाचा. त्या वासाला माश्या येतात आणि परागीभवन होतं. शास्त्रज्ञ हिला हूडिया म्हणतात, इथले मूळ रहिवासी सान लोक खोबा. कांडी तोडायची, काटे सोलून काढायचे आणि आतला कडू गर चावून खायचा. शिकारीच्या मागावर दिवसभर उन्हात चालणाऱ्या माणसाची भूक आणि तहान त्याने दबते, असा सानांचा अनुभव. हे ज्ञान सानांच्या घरात आजी-आजोबांकडून नातवंडांकडे आलेलं आहे.

सान लोक आज साधारण एक लाख आहेत. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना, अंगोला अशा देशांत विखुरलेले.

(दृश्य : प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या.)

सान हूडिया खातात, ही नोंद जुन्या वनस्पतिशास्त्रीय लिखाणात होती. त्या नोंदीवरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन परिषदेने, सीएसआयआरने, भूक मारणारा घटक शोधून काढला आणि १९९५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे हक्क गेले ब्रिटनच्या फायटोफार्म कंपनीकडे आणि तिच्याकडून फायझर या बड्या औषध कंपनीकडे. वजन कमी करणाऱ्या गोळीची बाजारपेठ केवढी मोठी, हे सगळ्यांना दिसत होतं. ज्यांच्याकडून हे कळलं, त्यांना मात्र कोणी विचारलंच नाही.

२००१ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रात ही बातमी आली. ज्या लोकांचं हे ज्ञान होतं ते आता उरलेलेच नाहीत, असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं फायटोफार्मच्या प्रमुखांचं म्हणणं होतं. एक लाख जिवंत माणसं, आणि ती नाहीतच! हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

इथे मराठी माणसाला हळद आठवल्याशिवाय राहत नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं आपल्या सीएसआयआरने. तेव्हा तिचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. नाव तेच, सीएसआयआर. एका देशात ती लोकांचं ज्ञान सोडवायला धावली, दुसऱ्या देशात तिनेच ते आपल्या नावावर करून घेतलं. शिवाय हळदीच्या पाठीशी एक अख्खा देश उभा होता. सानांच्या पाठीशी होते काही वकील, काही कार्यकर्ते आणि त्याच वर्षी, २००१ मध्ये, उभी राहिलेली त्यांची स्वतःची परिषद.

त्या परिषदेने दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआरला चर्चेला बसवलं. मार्च २००३ मध्ये करार झाला : सीएसआयआरला मिळणाऱ्या रॉयल्टीचे ६ टक्के आणि औषध तयार होतानाच्या टप्प्याटप्प्याच्या रकमांचे ८ टक्के सानांना. नीट ऐका, विक्रीचे नव्हेत, सीएसआयआरच्या वाट्याला जे येईल त्याचे. आधी फायझर बाहेर पडली. मग युनिलिव्हर आली, आणि सुरक्षितता आणि परिणामकारकतेच्या प्रश्नावर तिनेही २००८ मध्ये काम थांबवलं. सानांच्या हाती आली ती किरकोळ रक्कम. तरीही तो करार मी मोठा मानतो, कारण ज्यांना ‘उरलेले नाहीत’ म्हटलं होतं, त्यांची सही त्या कागदावर आहे.

(दृश्य : वस्तीवरची सभा. झाडाखाली बसलेली माणसं.)

पण झाडं झाली, आता माणसांच्या शरीरावर संशोधन आलं. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नामिबियातल्या चार सान पुरुषांच्या जनुकीय आराखड्याचा अभ्यास छापून आला. त्या चौघांची संमती घेतली होती, तीही चित्रफितीवर. सान संघटनांना मात्र कोणी विचारलं नव्हतं. लेखासोबतच्या मजकुरातले काही शब्द त्यांना अपमानास्पद वाटले. त्यांनी पत्र लिहून विचारणा केली, आणि संशोधकांनी आपली पद्धत योग्यच होती असं कळवलं.

मार्च २०१७ मध्ये सानांनी आपलीच आचारसंहिता जाहीर केली. आफ्रिकेतल्या एखाद्या आदिम समाजाने संशोधकांसाठी स्वतः लिहिलेली ही पहिलीच. भाषा साधी. आमच्या परवानगीशिवाय आमचे फोटो छापू नका. आम्हाला कळेल अशा शब्दांत बोला. तुमच्या कामाचा आम्हाला काय उपयोग, ते आधी सांगा. दुभाषी म्हणून, सहसंशोधक म्हणून आमच्या माणसांना सोबत घ्या. काम संपलं की परत येऊन काय सापडलं ते सांगा. शब्द मोडलात तर पुढच्या वेळी सहकार्य मिळणार नाही.

(दृश्य : दक्षिण आफ्रिकेतल्या सेडरबर्गच्या डोंगरउतारावर रूइबॉस या झुडपाची शेती. याच्या पानांचा चहा करतात.)

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, रूइबॉस चहाच्या उद्योगानेही करार केला. या झुडपाचं ज्ञानही मुळात सानांचं आणि तिथल्याच खोइ या दुसऱ्या मूळ समाजाचं. म्हणून बागेतून निघणाऱ्या मालाच्या किमतीचे १.५ टक्के खोइ आणि सान समाजांना, निम्मे निम्मे.

आंद्रिस स्टीनकॅम्प या सान नेत्याने आचारसंहितेसाठी अखेरपर्यंत काम केलं. ती जाहीर झाली तेव्हा ते नव्हते, २०१६ मध्येच गेले. संशोधकांना त्यांनी सांगितलेलं एक वाक्य त्या कागदावर आहे : दारातून या, खिडकीतून नको.

(दृश्य : वाळूतली खोबा. माशी फुलावर बसते.)